चोपन्न शुगरला ‘हायपर’ कसे झाले? उपसर्गांवरून शब्द शिकवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी जीएनएमचा तीन वर्षांचा नर्सिंग अभ्यासक्रम चालवणारी संस्था आहे. पहिल्या वर्षाला चाळीसेक विद्यार्थिनी. बहुतेक जणी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळांतून आलेल्या, काही उर्दू माध्यमातून. बारावीपर्यंत इंग्रजी हा एक विषय होता. नर्सिंगला आल्यावर अ‍ॅनाटॉमीचे पुस्तक, प्रश्नपत्रिका आणि वॉर्डातला केस पेपर, सगळेच इंग्रजीत. वर्गात ट्यूटर मॅडम मराठीतून समजावतात, पण शब्द इंग्रजीच राहतो. त्या ‘इंग्रजी’ शब्दाचे हातपाय ग्रीक आणि लॅटिन असतात, हे कोणी सांगितलेले नसते.

ओळख पटू नये म्हणून गाव, वर्ष आणि बारीकसारीक तपशील बदलले आहेत. शब्द आणि त्यांतल्या चुका मात्र जशा झाल्या तशाच ठेवल्या आहेत.

घडले काय

संध्याकाळची ड्यूटी. मेडिसिन वॉर्डात इन्शुलिनवर असलेल्या एका मध्यमवयीन बाईला दरदरून घाम आला, हात थरथरू लागले. तिथे पोस्टिंगला असलेल्या पहिल्या वर्षाच्या मुलीने ग्लुकोमीटर आणला, बोट टोचले. आकडा आला 54. तिने लगेच सिस्टरना हाक मारली. बाई शुद्धीवर होती, गिळू शकत होती, म्हणून सिस्टरच्या सांगण्यावरून तीन-चार चमचे साखर पाण्यात ढवळून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासले, शुगर वर आली होती, मग बाईला खायला दिले. सगळे नियमाप्रमाणे झाले. 70 च्या खाली शुगर गेली की साधारण 15 ग्रॅम साखर द्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा बघायचे, हे त्या मुलीला तोंडपाठ होते.

गडबड झाली ती नंतर. सरावाच्या नोंदवहीत तिने आकडा न लिहिता नुसते लिहिले की पेशंटला ‘हायपरग्लायसेमिया’ (म्हणजे शुगर वाढणे) झाला होता. रात्रीच्या सिस्टरला तोंडी सांगतानाही तोच शब्द. इनचार्ज सिस्टर शेजारीच होत्या म्हणून तो तिथेच अडला. नाहीतर रात्रपाळीने ‘हायपर’ ऐकून इन्शुलिनची वेळ आणि मात्रा यांचा विचार उलट्या दिशेने सुरू केला असता. विचारल्यावर मुलगी म्हणाली, “शुगर कमी झाली म्हणूनच तर हायपर म्हनलं, मॅडम.”

तिचे निदान बरोबर होते, उपचार बरोबर होते. उलटा होता तो फक्त शब्दाचा पुढचा तुकडा. प्राचार्या मॅडमनी हे प्रकरण निष्काळजीपणाच्या खात्यात टाकले नाही, आणि पुढचे सगळे त्यामुळेच शक्य झाले.

अडचणीचा माग

ट्यूटर मॅडमनी आधी वह्या मागवल्या. जवळजवळ प्रत्येकीने पुस्तकातल्या शब्दाशेजारी देवनागरीत उच्चार लिहून ठेवला होता आणि अभ्यास त्या उच्चारावरूनच केला होता. मग वर्गात तीस शब्दांची छोटी चाचणी झाली: शब्द मोठ्याने वाचायचा आणि मुलींनी मराठीत अर्थ लिहायचा. चुका तीन तऱ्हांच्या निघाल्या.

पहिली तऱ्हा कानाची. हायपर आणि हायपो यांत शेवटचे अक्षरच काय ते वेगळे, आणि वॉर्डातल्या गोंगाटात नेमके तेच गिळले जाते. अ‍ॅबडक्शन आणि अ‍ॅडडक्शन यांचेही तेच. म्हणून तर फिजिओथेरपीवाले मुद्दाम ‘ए-बी-डक्शन’, ‘ए-डी-डक्शन’ असे अक्षरे सुटी करून बोलतात.

दुसरी तऱ्हा लिपीची, आणि ती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. रोमन लिपीत वेगळे दिसणारे उपसर्ग देवनागरीत उतरवले की एकच होतात. डिस्पेप्सिया (अपचन) आणि डिस्लोकेशन (सांधा निखळणे) या दोन्हींत आपण ‘डिस्’ लिहितो. पहिला डी-वाय-एस, ग्रीक, अर्थ ‘बिघडलेले, कष्टाचे’. दुसरा डी-आय-एस, लॅटिन, अर्थ ‘अलग’. डायऑक्साइडमधला ‘डाय’ म्हणजे दोन; डायरिया, डायलिसिस, डायबेटिस यांतला ‘डाया’ म्हणजे आरपार. डायबेटिसचा ग्रीक अर्थच ‘आरपार निघून जाणारे’: प्यालेले पाणी थांबत नाही, लघवीवाटे निघून जाते. एका मुलीने मात्र तो दोन प्रकारांचा असतो म्हणून ‘डाय’, असे मोठ्या विश्वासाने लिहिले होते. टाइप वन आणि टाइप टू शिकल्यावर असे वाटण्यात तिचा काय दोष?

याच गटातली सर्वांत वाईट जोडी अँटी-अँटे. गरोदर बाईची तपासणी ती अँटेनेटल. लॅटिन ‘अँटे’ म्हणजे आधी. अँटिबायोटिक, अँटिरेबीज, सर्पदंशावरचे अँटिव्हेनम यांत ग्रीक ‘अँटी’, म्हणजे विरुद्ध. पण वॉर्डात सगळेच ‘अँटिनेटल’ म्हणतात आणि देवनागरीतही तसेच लिहितात. दोन जणींनी अर्थ लिहिला: बाळाच्या विरुद्ध. मुळात हे दोन्ही उपसर्ग एकाच घरचे, संस्कृत ‘अन्ति’चे भाऊबंद. मूळ अर्थ ‘समोर’. समोरचा माणूस पुढेही असतो आणि सामनाही करतो, त्यातून एकाचा अर्थ ‘आधी’कडे वळला, दुसऱ्याचा ‘विरुद्ध’कडे.

तिसरी तऱ्हा चुकीच्या ठिकाणी तोडण्याची. अनुरिया हा शब्द बऱ्याच जणींनी ‘अनु + रिया’ असा वाचला, कारण मराठीत अनुभव, अनुवाद, अनुदान असे ‘अनु’ डोळ्यांसमोर असतात. खरी तोड ‘अन् + उरिया’: लघवी नाही.

निम्म्याहून जास्त जणींनी हायपर-हायपोच्या किमान एका शब्दात गल्लत केली होती. मेडिसिन वॉर्डातली ती मुलगी एकटी नव्हती.

समोर असलेले पर्याय

प्राचार्या, ट्यूटर मॅडम, इनचार्ज सिस्टर आणि जवळच्या महाविद्यालयातले इंग्रजीचे एक सर असे चौघे बसले.

इंग्रजीचे सर म्हणाले, शंभर उपसर्गांची यादी छापा आणि पाठ करून घ्या. यादी करणे सोपे आणि तपासणेही सोपे. पण मुलींच्या वह्यांत अशी यादी आधीच होती, मार्गदर्शकातून उतरवलेली. यादीत हायपर आणि हायपो एकाखाली एक होते. पाठ करणारीला आठवायचे ते एवढेच, की हे दोन विरुद्ध आहेत. कोणता कोणता, ते नाही.

दुसरा पर्याय मराठी पारिभाषिक शब्द वापरण्याचा. भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, शब्दही चांगले आहेत. अर्धांगवायू, प्रतिजैविक, प्रसूतिपूर्व हे वाचल्याक्षणी कळतात. परंतु केस पेपरवर डॉक्टर ‘हेमिप्लेजिया’च लिहिणार आणि परीक्षेतही तेच येणार. मराठी शब्द अर्थाचा पूल म्हणून ठेवायचा, इंग्रजी शब्दाच्या जागी बसवायचा नाही, असे ठरले. इथे प्राचार्यांचे मत थोडे वेगळे होते. मराठी शब्द लक्षात राहिला की इंग्रजीची भीती आपोआप जाईल, असे त्यांना वाटे. तसे झाले नाही.

तिसरा पर्याय काहीच न करण्याचा: वॉर्डात फिरून शब्द अंगवळणी पडतात. पडतातही, पण दोन वर्षे जातात, आणि तोवर एखादी रात्र 54 च्या शुगरची असते.

निवडला तो चौथा. 24 उपसर्ग, रोज वॉर्डात कानावर पडणारे, आणि प्रत्येकाची मुलींच्या तोंडी आधीच असलेल्या मराठी शब्दाशी गाठ. आठवड्यातून तीन दिवस, नर्सिंग फाउंडेशनच्या तासाची पहिली पंधरा मिनिटे, सहा आठवडे.

पहिला प्रयत्न आणि त्याचे फसणे

सुरुवात संस्कृतपासून झाली. प्र, परा, अप, सम् अशी उपसर्गांची ओळ फळ्यावर आली आणि वर्ग गप्प झाला. निम्म्या जणींनी दहावीला संस्कृत घेतलेले नव्हते, उर्दू माध्यमाच्या मुलींनी तर नावही काढले नव्हते. शाळेत व्याकरणाच्या धड्यात उपसर्ग शिकवलेले होते, पण ते पाच गुणांसाठी, आणि तिथेच सोडून दिलेले.

दुसरी चूक विरुद्ध जोड्या एकाच दिवशी शिकवण्याची. सोमवारी हायपर-हायपो, बुधवारी टॅकी-ब्रॅडी (जलद-संथ), शुक्रवारी एंडो-एक्सो (आत-बाहेर). फळ्यावर जोड्या छान दिसत होत्या. दोन आठवड्यांनी तोंडी विचारल्यावर हायपर-हायपोची गल्लत होती तेवढीच राहिली, आणि टॅकी-ब्रॅडीची नवी सुरू झाली. दोन नवे शब्द आणि दोन उलटे अर्थ एकदम डोक्यात गेले की अर्थ जागा बदलतात. शब्दसंग्रह शिकवणाऱ्यांना हा अनुभव जुना आहे. तरी प्रत्येक जण जोडीच मांडतो, कारण मांडणाऱ्याला दोन्ही आधीच येत असतात.

इथे थांबून योजना बदलली. या प्रकरणातला मोलाचा निर्णय हाच म्हणावा लागेल, कारण सहा आठवड्यांतले दोन संपले होते आणि ‘आता तेच पुढे रेटू’ म्हणणे सोपे होते.

बदललेली पद्धत

संस्कृतची यादी पुसली गेली. त्याऐवजी मुलींनाच विचारले, पुढे काहीतरी लागून अर्थ बदलणारे घरातले शब्द सांगा. पहिला शब्द आला नापीक. मग नापास, गैरहजर, बेवारस, बिनपगारी, कमजोर. निजामाच्या राजवटीत कारभाराची भाषा फारसी आणि पुढे उर्दू. 17 सप्टेंबर 1948 ला ती राजवट संपली, पण ना, बे, गैर गावाच्या बोलण्यात पक्के बसलेले आहेत. उर्दू माध्यमातली एक मुलगी ‘नीमहकीम’ म्हणाली आणि वर्ग हसला. तिथेच ट्यूटर मॅडमनी ‘हेमि’ घेतला, त्या दिवसाच्या आराखड्यात तो नव्हता तरी.

नीमहकीम म्हणजे अर्धा वैद्य. अर्धांगवायू म्हणजे अर्धे अंग लुळे; हेमिप्लेजिया. आणि अर्धशिशी? ‘हेमिक्रानिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ अर्धी कवटी. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये जाता जाता झिजला आणि ‘मायग्रेन’ झाला. आजी अर्धशिशी म्हणते आणि डॉक्टर मायग्रेन लिहितो, तेव्हा दोघांच्या तोंडी ‘अर्धे डोके’च असते. याच ‘हेमि’चा लॅटिन भाऊ ‘सेमि’ आणि संस्कृत ‘सामि’: ग्रीकचा ह, बाकी दोघांचा स. गावात अखंड हरिनाम सप्ताह बसतो आणि पतसंस्थेचा हप्ता भरावा लागतो, दोन्ही शब्द सातावरूनच आले. फारसीनेही सातातल्या ‘स’चा ‘ह’ केला, ग्रीक ‘हेप्टा’सारखाच.

हायपर पुन्हा घेतला, या वेळी एकटाच. ग्रीक ‘हायपर’, लॅटिन ‘सुपर’, संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मुळाचे. मराठीतला ‘वर’ हा त्या उपरीचाच झिजलेला नातू. फळ्यावर लिहिले: हायपर, उपर, वर. तिन्हींच्या शेवटी र. पूर्ण आठवडाभर हायपरचेच शब्द: हायपरटेन्शन, हायपरग्लायसेमिया, हायपरथर्मिया, हायपरथायरॉइड. हायपोचे नावही नाही. कोणी विचारले तर उत्तर, पुढच्या आठवड्यात.

पुढच्या आठवड्यात हायपो आला तो उपकेंद्राचा हात धरून. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या हाताखाली उपकेंद्र, सरपंचाखाली उपसरपंच. ग्रीक ‘हायपो’, लॅटिन ‘सब’, आपला ‘उप’ हे तिघेही सख्खे. इंग्रजीत उपकेंद्राला सब-सेंटर म्हणतात तेही त्यामुळेच. मुलींना हे लगेच पटले, कारण तिथल्या एएनएम ताईंना त्या लहानपणापासून ओळखतात. हायपोचा अर्थ मात्र दोन पायऱ्यांनी द्यावा लागला. हायपोग्लायसेमियात तो ‘कमी’, तर हायपोडर्मिक सुईत ‘खाली’, कातडीच्या खाली. पोटाच्या नऊ भागांत एपिगॅस्ट्रिक म्हणजे जठराच्या वरचा आणि हायपोगॅस्ट्रिक म्हणजे खालचा. तिथे हायपोचा अर्थ ‘कमी’ लावला तर घोटाळाच.

‘डिस्’ला दुष्काळ मिळाला. ग्रीक डी-वाय-एस आणि आपला दुस् किंवा दुर् मूळचे एकच, तसेच ‘यू’ आणि ‘सु’. सुकाळ आणि दुष्काळ ज्यांनी शेतात पाहिलेत त्यांना यूप्निया (सहज श्वास) आणि डिस्प्निया (कष्टाचा श्वास) सांगायला वेळ लागला नाही. इथे मागचा तुकडा ‘प्निया’ धरून ठेवला आणि पुढचे बदलत गेले: एप्निया, श्वास नाही, टॅकिप्निया, जलद, ब्रॅडिप्निया, संथ, ऑर्थोप्निया, उठून बसल्याशिवाय श्वास घेता येत नाही. एकाच दिवशी पाच उपसर्ग, पण गोंधळ झाला नाही. मागचा तुकडा ओळखीचा आणि प्रत्येकाला समोर एक पेशंट. टॅकी आणि ब्रॅडी तेवढे आठ दिवसांच्या अंतराने आले.

अ आणि अन्‌चा नियम तर जसाच्या तसा जुळतो. व्यंजनापुढे अ: अशक्त, अज्ञान, तसेच एप्निया, एफेब्राइल. स्वरापुढे अन्: अनिच्छा, अनावश्यक; तसेच अनुरिया, अनॉक्सिया. ज्यांनी ‘अनु + रिया’ तोडले होते त्यांनीच हा नियम पुढच्या तासाला बाकीच्यांना समजावला.

सगळ्यात रंगला तो तास इंटर आणि इंट्राचा. इंटर म्हणजे दोहोंच्या मध्ये, इंट्रा म्हणजे आतच. हे मराठीत सांगायला शब्द शोधावे लागले नाहीत. वर्गात शिक्षकांच्या तीन मुली होत्या. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाच्या घरी आंतरजिल्हा बदली आणि जिल्हांतर्गत बदली यांतला फरक पोरासोरांनाही कळतो. एका जिल्ह्यातून दुसऱ्यात ती आंतर. जिल्ह्याच्या आतल्या आत ती अंतर्गत. मग इंटरकॉस्टल म्हणजे दोन बरगड्यांच्या मधला, इंट्राव्हेनस म्हणजे शिरेच्या आत. लगेच लसीकरणाचा तक्ता उघडला. बीसीजी इंट्राडर्मल, कातडीच्या थरातच: डाव्या दंडाला 0.1 मिली, महिन्याच्या आतल्या बाळाला 0.05, सुई 10 ते 15 अंशांत जवळपास आडवी. गोवर-रुबेला सबक्युटेनियस, कातडीखाली: उजव्या दंडाला 0.5 मिली, सुई 45 अंशांत. पेंटाव्हॅलंट इंट्रामस्क्युलर, स्नायूच्या आत: मांडीच्या बाहेरच्या बाजूला 0.5 मिली, सुई सरळ 90 अंशांत. सुईचा कोन उपसर्गात लिहिलेला असतो, हे मुलींनी त्या दिवशी हातात सिरिंज धरून पाहिले.

अ‍ॅबडक्शनसाठी वर्तमानपत्र पुरले. गुन्ह्याच्या बातमीतले अपहरण म्हणजे इंग्रजीत अ‍ॅबडक्शनच. लॅटिन ‘अ‍ॅब’ आणि संस्कृत ‘अप’ नात्यातले, दोन्हींचा अर्थ ‘पासून दूर’. हात अंगापासून दूर नेला की अ‍ॅबडक्शन, जवळ आणला की अ‍ॅडडक्शन.

शब्द सोडवायची रीतही ठरवून दिली. वाचायचा मागून. हायपरग्लायसेमिया: ‘एमिया’ रक्तात, ‘ग्लायक’ गोड म्हणजे साखर, ‘हायपर’ वर. मागून पुढे आले की मराठी वाक्य तयार होते, रक्तात साखर वर. पुढून सुरुवात केली तर ‘वर साखर रक्तात’, ज्याला ना अर्थ ना क्रम.

अतिउत्साहाचे दिवस

चौथ्या आठवड्यात नवाच त्रास सुरू झाला. मुली सगळेच शब्द तोडू लागल्या. युरिया म्हणजे ‘यू + रिया’, म्हणून काहीतरी चांगले. घरी त्याची पोती असतात, पिकाला चांगलेच की! शब्द मुळात ग्रीक ‘उरॉन’वरचा, म्हणजे लघवी. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला हायपो समजले गेले. त्यात हायपो नाही, ग्रीक ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा आहे. एऑर्टा या मोठ्या धमनीच्या नावातला ‘ए’ नकाराचा नाही. पॅरासिटामॉलमधला ‘पॅरा’ रसायनशास्त्रातल्या जागेचा, पॅराथायरॉइडसारखा शेजारच्या अवयवाचा नव्हे.

अनिमियाने तर वाद घातला. अन् म्हणजे नाही, एमिया रक्तात. मग रक्तच नसेल तर बाई जिवंत कशी? ग्रीकांनी शब्द तसाच केला, पण आज त्याचा अर्थ हिमोग्लोबिन कमी असणे एवढाच. गरोदरपणी 11 ग्रॅमच्या खाली गेले की अनिमिया म्हणतात. इथे मराठीतला रक्तक्षय जास्त प्रामाणिक आहे, तो ‘झिजले’ म्हणतो, ‘नाही’ म्हणत नाही.

त्यावर एक अट घातली. पुढचा तुकडा काढल्यावर मागे उरलेला तुकडा आणखी एखाद्या शब्दात दाखवता आला पाहिजे. ‘प्निया’ चार ठिकाणी दाखवता येते, म्हणून एप्निया तोडा. ‘ऑर्टा’ कुठेच दाखवता येत नाही, म्हणून एऑर्टा तोडू नका. अट शंभर टक्के बिनचूक नाही (युरियातला ‘रिया’ डायरियात आहेच, असे एकीने दाखवून दिले), पण बेलगाम तोडणे थांबले.

निष्पत्ती

सहा आठवड्यांनी तीच तीस शब्दांची चाचणी झाली, या वेळी रोमन लिपीत लिहून आणि तोंडीही. हायपर-हायपोची गल्लत अगदी थोड्या जणींत उरली. इंटर-इंट्रा, अ-अन्, हेमि जवळपास सगळ्यांना पक्के. न शिकवलेले शब्दही काही जणींनी मागून सोडवले. पॉलियुरिया आणि ऑलिगुरिया, बहुत आणि अल्प, हे दोन तर बहुतेकींनी.

अँटे-अँटीत फारसा फरक पडला नाही. वर्गात ‘अँटे’ शिकायचे आणि वॉर्डात दिवसभर ‘अँटिनेटल’ ऐकायचे. कानापुढे फळ्याचे काय चालणार? डी-वाय-एस आणि डी-आय-एसची अडचणही लिहिताना राहिलीच. आणि मागचा तुकडाच माहीत नसेल तिथे उपसर्ग काही कामाचा नाही. हायपरकॅलेमिया आणि हायपरकॅल्सेमिया यांत हायपर बरोबर कळूनही पोटॅशियम आणि कॅल्शियमची अदलाबदल झाली. पोटॅशियमचे लॅटिन नाव कॅलियम, म्हणून चिन्ह ‘के’, हे वेगळे सांगावे लागले.

वॉर्डात इनचार्ज सिस्टरनी एक नियम लावला: आधी आकडा, मग शब्द, मग मराठीत दिशा. “शुगर 54, हायपो, कमी.” नोंदवहीत आकड्याशिवाय शब्द लिहायचा नाही. काही जुन्या सिस्टरना हे पोरखेळ वाटले, पण रात्रपाळीला त्याच हा नियम आधी पाळू लागल्या.

पुन्हा करायचे झाले तर

आकड्याचा नियम सहाव्या आठवड्यात नव्हे, पहिल्याच दिवशी लागला पाहिजे. उपसर्ग शिकायला वेळ लागतो. आकडा आधी सांगायला एक मिनिटही लागत नाही, आणि पेशंटचे रक्षण तोच करतो.

पहिली चाचणी फक्त ऐकून घेतल्यामुळे लिपीच्या चुका नेमक्या किती, हे कळले नाही. ते वह्यांवरून ताडावे लागले. सुरुवातीलाच तीन भाग हवेत: ऐकून, देवनागरी वाचून, रोमन वाचून. देवनागरी उच्चार लिहायला मनाई करण्याचा विचारही बैठकीत झाला होता आणि तो सोडून दिला गेला, ते बरेच झाले. तो उच्चार मुलींचा आधार आहे. त्याऐवजी देवनागरी उच्चारातच उपसर्गाखाली रेघ मारून वर छोटी खूण करायची: डी-वाय-एसवर ‘दु’, डी-आय-एसवर ‘अ’ (अलग), अँटेवर ‘पू’ (पूर्व), अँटीवर ‘वि’ (विरुद्ध). पुढच्या तुकडीत हे दुसऱ्या आठवड्यापासून सुरू झाले आहे.

वॉर्डातल्या सिस्टरना सुरुवातीपासून बरोबर घ्यायला हवे होते. अँटेनेटलचा उच्चार तिथे बदलल्याशिवाय वर्गात बदलणार नाही, आणि तो बदलायला त्या अजून तयार नाहीत. तूर्त मुलींनी तोंडी सांगताना ‘एएनसी’ (अँटेनेटल केअरचे लघुरूप) म्हणायचे आणि लिहिताना ‘प्रसूतिपूर्व’ची खूण करायची, एवढ्यावर भागवले आहे.

आणि 24 ची यादी छापून द्यायची नाही. या वेळी पाचव्या आठवड्यात ती मुलींच्या आग्रहाखातर छापली. त्यात हायपर आणि हायपो पुन्हा एकाखाली एक आले आणि दोघी-तिघींची गल्लत परतली. आता मुली आपापल्या वहीत प्रत्येक उपसर्गाला वेगळे पान देतात. हायपरच्या पानावर आतापर्यंत सर्वांत जास्त शब्द ज्या मुलीच्या वहीत आहेत, ती मेडिसिन वॉर्डातलीच.